टेंभुर्णीची गाडी

नाव ठेवायला पैसे पडत नाहीत, त्यामुळं बाभूळवाडीत एका नावावर कुणाचं भागत नसे. पण बाकीच्यांना माणसाची नावं मिळाली होती, गोजरबाईला आख्ख्या गावाचं मिळालं. आबासाहेबांच्या गुऱ्हाळावर ती उसाच्या वाळल्या चिपाडाचा भारा डोक्यावर घेऊन चुलवाणाच्या जाळाकडं निघाली, की उकळत्या रसाच्या काहिलीजवळून कुणी ना कुणी विचारायचंच, "काय टेंभुर्णी, सोलापूर कुटवर आलं?" मग गूळ करणारा गुळव्या हसायचा, मोळ्या टाकणारे हसायचे, आणि गोजरबाई भारा खाली टाकून पदरानं मान पुसायची. चिपाडाची कुसळं मानेत घुसलेली असायची. हसणाऱ्यांकडं बघायला तेवढी एक सबब बरी होती.

गोष्ट दोन वर्षांमागची. तिची धाकटी बहीण वच्छला सोलापुरात दिली होती, नवरा मिलमध्ये कामाला. वच्छलाला पहिला मुलगा झाला आणि बारशाचं बोलावणं आलं. गोजरबाईनं तोवर सोलापूर बघितलेलं नव्हतं. मिलचा भोंगा कसा असतो, चिमणी केवढी उंच असते, हे तिनं नुसतं ऐकलं होतं. अंगडं, टोपडं आणि गुळाची एक लहान ढेप टोपलीत घालून ती करकंबच्या स्टँडवर गेली. बरोबर पोचवायला नवरा होता, रावजी. गाड्या दोन उभ्या होत्या आणि माणसं दहा गाड्यांची. रावजीनं एका गाडीसमोर उभं राहून बोर्डाकडं बघितलं, ओठ हलवले आणि सांगितलं, "हीच. बस."

गर्दी एवढी की खिडकीबाहेरचं झाड दिसेना. दाटीतून वाट काढत कंडक्टर तिच्यापाशी आला तेव्हा टेंभुर्णीची शीव लागली होती. तिनं मुठीतले पैसे पुढं केले आणि म्हणाली, सोलापूर एक. कंडक्टरनं ते मोठ्यानं ड्रायव्हरला सांगितलं, ड्रायव्हरनं हसून गाडी हळू केली आणि सगळी गाडी मागं वळून तिच्याकडं बघायला लागली. टेंभुर्णीच्या स्टँडवर एका खांबाला टेकून ती दिवसभर बसली. समोरच्या चहावाल्यानं दोनदा विचारलं, चहा घेता का बाई. तिनं मान वर केली नाही, इथून सोलापूरची गाडी कुठली हेही कुणाला विचारलं नाही. टेंभुर्णीला जाऊनसुद्धा तिनं टेंभुर्णी बघितली नाही, फक्त स्वतःचे पाय बघितले. तिन्हीसांजेला त्याच गाडीनं परत आली. कंडक्टरनं करकंबात ही गंमत चहाबरोबर वाटली आणि बाजारातनं ती बाभूळवाडीला तिच्या आधी पोचली.

गाडीत तिला बसवलं कुणी, हे मात्र गावाला कळलं नाही. घरी आल्यावर सासूनं, भीमाबाईनं, दारातच विचारलं. रावजी अंगणात खुरप्याला मूठ बसवत होता. त्याचा हात थांबला. गोजरबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "माजंच चुकलं आत्याबाई. गर्दीत समजलं न्हाय."

रावजी तिसरीपर्यंत शाळेत गेलेला. त्या तिसरीवर गुऱ्हाळात त्याला मान होता. चरकात ऊस घालायचं काम त्याचं, पण कुणाचा कागद आला की "रावजीला दाव" म्हणायचे. रावजी कागद लांब धरायचा, डोळे बारीक करायचा आणि "हे करकंबच्या मास्तरालाच दावलेलं बरं, सरकारी भाषा हाय" असं म्हणून परत द्यायचा. तिसरीतलं सगळं केव्हाच वाहून गेलं होतं, राहिली होती ती फक्त सही. गोजरबाईला हे लग्नानंतर महिनाभरात कळलं होतं, आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही नाही सांगितलं. पण दुसऱ्या दिवसापासून ती आडावर गेली की तिच्या डोक्यावर घागर रावजी आपण होऊन चढवायला लागला. गाव त्यालाही हसलं. ते मात्र त्यानं चालवून घेतलं.

पुढं दीड-दोन वर्षांनी शाळेत नव्या बाई आल्या. दाक्षायणीबाई अक्कलकोटच्या बाजूच्या. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि राग आला की दोन्ही. सरकारनं मोठ्या माणसांना शिकवायचं काढलं होतं आणि तो वर्ग गळ्यात पडल्यावर इतर मास्तर कपाळाला हात लावायचे. बाईंनी पदर खोचला. दिवेलागणीच्या आधी, गुऱ्हाळ सुटलं की बायकांनी शाळेच्या पडवीत यायचं, असं त्यांनी घरोघर फिरून ठरवलं. भीमाबाईनं मिश्री लावता लावता विचारलं, म्हातारपणी शिकून हिला काय मामलेदार व्हायचंय? बाई म्हणाल्या, मामलेदार नाही, पण मामलेदार काय लिहितो ते तरी कळेल. भीमाबाईला उत्तर आवडलं नाही, पण उत्तर देणारी आवडली.

बाईंच्या शिकवण्याची एक रीत होती. एकीनं वाचायचं आणि बाकीच्यांनी लगेच एका सुरात म्हणायचं. आणि दुसरा नियम असा, की रस्त्यानं जाताना लिहिलेलं जे जे दिसेल ते मोठ्यानं वाचायचं, लाजायचं नाही. आता बाभूळवाडीत वाचायला होतं तरी काय? एक गावचावडी, एक शाळा, मलेरियावाल्यांनी दारांवर काढलेल्या तारखा आणि चावडीच्या भिंतीवर सरकारनं लाल गेरूनं रंगवलेली एक ओळ. ती ओळ एकदा गोजरबाईनं सासूबरोबर जाताना वाचली. बोट धरून धरून वाचली, "दोन किंवा तीन पुरेत." मागनं येणाऱ्या चौघी सवयीनं एका सुरात म्हणाल्या, दोन किंवा तीन पुरेत. चावडीवर बसलेले पंच खाली बघायला लागले. भीमाबाईला सात झाली होती, त्यातली चार जगली. ती म्हणाली, "सरकारला म्हनावं, लई उशिरा सुचलं."

घरी कंदिलात तेल थोडं, म्हणून गोजरबाई गुऱ्हाळावरच अक्षरं गिरवायची. चुलवाणाच्या तोंडापाशी राख पसरलेली असे. चिपाड आत ढकलून आग पेटती झाली की पुढचा भारा येईतो जरा वेळ मिळायचा. हात रसानं चिकट, बोटाला राख चिकटून बोट गारगोटीसारखं व्हायचं, पण अक्षर उमटायचं. आधी तिनं स्वतःचं नाव लिहिलं. मग एके दिवशी इकडंतिकडं बघून नवऱ्याचं लिहिलं. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं, पण बोटाला कुणी बंदी केली होती? राखेत "रावजी" बघून तिचं तिलाच हसू आलं. एवढ्यात कुणीतरी आलं. नाव पुसायला पाय पुढं केला आणि तसाच मागं घेतला, नवऱ्याच्या नावावर पाय कसा देणार? हातानंच पुसलं. राखेखाली निखारा होता. तळहाताला फोड आला तो चार दिवस राहिला, आणि काय झालं विचारणाऱ्या प्रत्येकाला तिनं वेगळं सांगितलं.

चैत्रात म्हसोबाची जत्रा. जत्रेला नाटक ही गावाची जुनी खोड, आणि नाटकाला सोलापूरची नटी ही आबासाहेबांची. यंदा नटीला दुसऱ्या गावानं आधीच सुपारी दिली. पंचांची तोंडं उतरली. तेव्हा दाक्षायणीबाई चावडीवर गेल्या आणि म्हणाल्या, नाटक वर्गातल्या बायका करतील. प्रौढ शिक्षणाचे साहेब सोलापूरहून बघायला येणार आहेत, गावाचं नाव होईल. नाव होईल म्हटल्यावर आबासाहेबांनी मिशीवरनं हात फिरवला.

नाटक बाईंनी स्वतः लिहिलं होतं. एक अडाणी बाई बारशाला निघते, चुकीच्या गाडीत बसते, नवरा तिला फाडफाड बोलतो. मग ती शाळेत जाते, शिकते आणि शेवटी बोर्ड वाचून बरोबर गाडीनं बहिणीकडं पोचते. वर्गात हे ऐकताना सगळ्या बायका एकदम गोजरबाईकडं बघायला लागल्या.

बाईंनी तिला थांबवून घेतलं. "गोष्ट तुमचीच आहे, गोजरक्का. राग आला का? आला असेल तर मी फाडून टाकते. पण काम तुम्हीच करावं असं वाटतंय बघा."

गोजरबाईला आधी पळून जावंसं वाटलं. मग मनात आलं, आपण नाही म्हटलं तर वर्गातली विजयमाला करील, आणि विजयमाला आपली नक्कल आत्ताच एवढी झकास करते, रंग लावल्यावर काय करील? शिवाय शेवट होता. नाटकात का होईना, एकदा सोलापूरला पोचायचं होतं. तिनं हो म्हटलं.

भीमाबाई दोन दिवस नुसती भांडी आपटत राहिली. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता तिनं दोन अटी घातल्या. पहिली अशी, की नाटकात नवरा म्हणून जो उभा राहील तो घरचा नवराच पाहिजे, परक्यानं तिला "अगं" म्हणायचं नाही. दुसरी अट सांगताना तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि सुनेकडं वळली.

"आधीच आपल्या घराचं नाव टेंभुर्णी झालंय. त्या दिशी गाव तुला हासलं, तर दुसऱ्या दिशी तुजी ती शाळेची पाटी मी माज्या हातानं चुलवाणात घालीन. मग शाळा न्हाय, बाई न्हाय, काय न्हाय. कबूल?"

"कबूल," गोजरबाई म्हणाली. बाराखडी संपून जोडाक्षरं आली होती. वच्छलाला स्वतःच्या हातानं चार ओळी लिहायच्या, एवढ्यावर तिनं सगळा हिवाळा लावलेला होता. आता ते सगळं गावाच्या दातांवर जाऊन बसलं. आणि बाभूळवाडीचे दात तिला चांगले ठाऊक होते.

रावजीला नाटकाचं कळलं तेव्हा तो चरकापाशीच मटकन बसला. बाईंनी त्याच्या कामाचे कागद त्याच्या हातात दिले. त्यानं ते लांब धरले, डोळे बारीक केले आणि अक्षर लई सुबक हाय म्हणाला. घरी जाताना वाटेत त्यानं ते कागद गुपचूप गोजरबाईच्या ओटीत टाकले.

असा प्रकार झाला, की वर्गात बाईंनी जेवढं शिकवलं नसेल तेवढं नवऱ्याच्या कामाच्या कागदांनी गोजरबाईला शिकवलं. स्वतःचं काम तिला ऐकून पाठ झालं असतं, पण रावजीचं त्याला वाचून दाखवायचं तर वाचायलाच पाहिजे. चरक फिरायचा, इंजिन धडधडायचं. रावजी उसाची कांडी आत सारायचा, आणि ती ओल्या चिपाडाचा ढीग ओढायच्या निमित्तानं जवळ येऊन त्याच्या कानाशी एक वाक्य सोडून जायची. परत येईतो त्यानं ते घोकायचं. अडलेला शब्द तिला स्वतःशी सोडवावा लागायचा. "संसार" तिला दोन भारे पुरला, "व्यवहार" दिवसभर. गुळव्याला वाटायचं, नवराबायकोचं लई जमलंय आजकाल. एकदा म्हणालाही, चरकात हात जाईल रावजी, ऊस बघा.

सगळं पाठ झालं. एक वाक्य तेवढं रावजीच्या तोंडात बसेना. बायको चुकीच्या गाडीनं परत आल्यावर नवऱ्यानं ओरडायचं होतं, "डोळे फुटले होते का तुझे? एवढा मोठा बोर्ड दिसला नाही?" तालमीत तिथं आला की रावजीला ठसका लागायचा. कधी पाणी मागायचा, कधी धोतर सावरायचा. बाईंना वाटलं, चारचौघांत बायकोवर ओरडायला माणूस लाजतोय, बरा आहे बिचारा.

गोजरबाईला ठसका कुठनं येतो ते ठाऊक होतं. एका दुपारी बांधावर भाकरी खाताना तिनंच विषय काढला. म्हणून टाका की, नाटक तर हाय, असं ती म्हणाली. नाटकात सगळं खोटंच असतंय.

रावजीनं कांदा फोडला, तिच्यापुढं सारला. "सगळं खोटं असतं तर म्हनलो असतो," तो म्हणाला. "ह्यात बाकी समदं खरं हाय. एवढंच खोटं हाय."

दोन वर्षांत त्या गाडीबद्दल तो पहिल्यांदा बोलला होता. तिनं भाकरीचा तुकडा उगाचच बराच वेळ चावला, आणि मग सांगितलं की तिथं नुसता खोकला तरी नीट खोका, पुढचं मी सांभाळते.

जत्रेचा दिवस उगवला. शाळेपुढं चार बैलगाड्या जोडून वर फळ्या टाकल्या होत्या. करकंबहून मैनुद्दीन पेंटर आला. ट्रकच्या पाठीवर मोर काढणारा, दुकानाच्या पाट्या रंगवणारा मैनुद्दीन नाटकाचे पडदेही रंगवायचा, आणि कुणी सांगितलं नाही तरी चार गोष्टी जास्तीच्या रंगवायचा. तालमीत गाडी म्हणून एक उलटी बाज उभी करत होते. मैनुद्दीननं गोणपाटं जोडून लालभडक एस्टी रंगवली होती, दिवे, काच, ड्रायव्हरच्या मिशा, सगळं. दाराच्या जागी भोक ठेवलं होतं, आणि आतनं घंटी वाजवायला तो स्वतःच कंडक्टर होऊन बसणार होता. कपाळावर हातभर लांबीचा बोर्ड होता. तो त्यानं ओल्या फडक्यानं झाकून ठेवलेला, रंग सुकायचा होता म्हणून. गोजरबाई तेव्हा शाळेच्या खोलीत होती. विजयमाला तिच्या तोंडाला पावडर थापत होती आणि घाम ती पावडर खाली आणत होता.

संध्याकाळी माणसं भरली. पुढं खुर्चीवर सोलापूरचे साहेब, शेजारी आबासाहेब, डावीकडं बापे, उजवीकडं बायका. वर्गातल्या बायका एका ओळीत बसल्या होत्या आणि त्यांच्यामागं भीमाबाई, पाय दुमडून, तोंड मिटून. पडदा सरकला. गोजरबाई टोपली घेऊन बाहेर आली तेव्हा बाप्यांच्या बाजूनं कुणीतरी हळूच "टेंभुर्णी" म्हटलंच. पण वाक्यं पाठ होती, ती आपली बाहेर आली. बहिणीचं पोर, बारसं, सोलापूर. आवाज मोकळा झाला. माणसं गप झाली.

मग आतला पडदा बाजूला झाला आणि एस्टी उभी राहिली. दिव्याचा उजेड नेमका बोर्डावर. पांढऱ्यावर काळी, सावली दिलेली, वळणदार अक्षरं.

इथं तिनं भांबावल्यासारखं बघायचं होतं आणि गाडीत चढायचं होतं. पण सगळा हिवाळा दिसेल ते मोठ्यानं वाचायची सवय लागलेली. डोळे बोर्डावर गेले आणि तोंड त्यांच्यामागं गेलं.

"करकंब ते टेंभुर्णी," तिनं खणखणीत वाचलं.

आणि बायकांच्या बाजूनं, वर्गातली आख्खी ओळ, रोजच्या रिवाजाप्रमाणं, एका सुरात म्हणाली, "करकंब ते टेंभुर्णी."

मग बाप्यांच्या बाजूनं हसू फुटलं आणि पसरत गेलं. अडाणी बाईचं नाटक, आणि अडाणी बाईच बोर्ड वाचतेय, तीही एकटी नाही, सोबत गावातल्या निम्म्या घरच्या सुना. पडद्याआड दाक्षायणीबाईंनी कपाळ धरलं आणि कानडीत काहीतरी पुटपुटल्या. गोजरबाईनं सासूकडं बघितलं. भीमाबाईचं तोंड तसंच मिटलेलं होतं. गेली पाटी, तिच्या मनात आलं, गेली चुलवाणात.

मैनुद्दीननं गोणपाटाच्या भोकातनं घंटी वाजवली. ती जागची हलेना म्हणून त्यानं तोंड बाहेर काढलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "भाभी, बैठो ना. नाटक आगे जाना क्या नै?"

ती गाडीच्या दारापर्यंत गेली. एक पाय उचलला. पण ती अक्षरं डोक्यावर होती आणि आता ती तिला दिसत नाहीत असं करताच येत नव्हतं. वाचता येत नसताना फसले ते फसले, वाचून झाल्यावर कुणासाठी फसायचं? साहेबांसाठी? नाटकासाठी? ह्याच गाडीत एकदा बसून तिनं बारसं घालवलं होतं, आणि वर दोन वर्षं गावाचं हसू खाल्लं होतं. उचललेला पाय तिनं खाली ठेवला आणि गावाकडं तोंड केलं.

"मी न्हाय बसायची," ती म्हणाली. हे कुठल्याच कागदावर नव्हतं. "ही टेंभुर्णीची गाडी हाय. मला सोलापूरला जायचंय."

हसणाऱ्यांत जे जवळ होते ते गप झाले. लांबचे अजून हसत होते. आता बायको चुकलीच नाही म्हटल्यावर नवऱ्यानं ओरडायचं कशावर? पण पुढचा प्रवेश रावजीचा, आणि गडबडीत कुणीतरी त्याला मागनं ढकललं. तो फळ्यांवर धडपडत आला. डोक्याला फेटा, गालाला लाली. गोजरबाईला वाटलं, आता हा खोकणार.

तो खोकला नाही. ओरडलाच, "डोळे फुटले होते का..." आणि तिथं थांबला. तालमीत कधी एवढंही झालं नव्हतं. त्यानं बोर्डाकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, आणि फेटा काढून हातात घेतला.

"तिचं न्हवं. माजं फुटलं हुतं," तो म्हणाला. "त्या बारीला हिला गाडीत मी बसिवलं. मला बोरड वाचता येत न्हवता. आजबी येत न्हाय. हिनं कुणाला सांगितलं न्हाय, अन् मी तुमच्यासंगं हासत बसलो."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मग ज्यांनी ज्यांनी आजवर आपले कागद रावजीच्या हाती दिले होते, त्यांना एकेक करून आठवायला लागलं. आबासाहेबांना आठवलं तेव्हा ते खुर्चीत मागं रेलून एवढे हसले की फेटा कानावर आला. "तरीच म्हनलं, समदीच भाषा सरकारी कशी?" ते ओरडले. आणि गाव हसलं. असं हसलं की मागं बांधलेली बैलं उठून उभी राहिली. रावजी आधी लाजला, मग त्यालाही आवरेना. पाठीवरचं पोतं उतरलेल्या माणसासारखा तो हलका होऊन हसत होता, आणि गोजरबाई तोंडाला पदर लावून हसतही होती, रडतही होती. पावडरीचं काय व्हायचं ते झालं.

तेवढ्यात बायकांत भीमाबाई उठून उभी राहिली. ती उठली तसं हसू विरत गेलं, कारण त्या गावात तिच्या तोंडाला सगळे दबून होते.

"हासा," ती म्हणाली. "पोटभर हासा. पर गाव हासलं त्ये माज्या ल्येकाला. माज्या सुनंला न्हाय. सगळ्यांनी ध्यानात ठेवा, म्हंजे उद्या कोण म्हनायला नको." मग तिनं पडद्याकडं हात केला. "बाई, हिची पाटी हाय तशी ऱ्हाऊ द्या. अन् ह्याच्यासाठी एक नवी मागवा."

पुढचं नाटक कसं करावं हे कुणालाच कळेना. बाई शिकलेलीच निघाल्यावर शिकवायचा अंक करण्यात अर्थ नव्हता, म्हणून तो गाळून थेट शेवटाला गेले. मैनुद्दीननं बोर्ड उलटा केला, मागं घाईघाईत "सोलापूर" लिहिलं. गोजरबाईनं वाचलं, बायकांनी म्हटलं, या खेपेला चार बापेही म्हणाले. साहेबांना सगळंच लिहून बसवलेलं वाटलं. भाषणात त्यांनी सांगितलं, की नवऱ्याचा तो कबुलीचा प्रवेश म्हणजे लेखणीची कमाल आहे, असं पुण्यामुंबईलाही सुचत नाही. दाक्षायणीबाईंनी हार गळ्यात घालून घेतला आणि एक अक्षर बोलल्या नाहीत.

जत्रा झाली, गुऱ्हाळ उठलं, काहिली पालथ्या घातल्या. वच्छलाला गोजरबाईनं चार ओळी लिहिल्या होत्या. उलट आग्रहाचं बोलावणं आलं, पोर आता पळतं, मावशीला बघायला मागतं. करकंबच्या बाजारादिवशी नवराबायको टोपली घेऊन स्टँडवर आली. रावजी पडवीत पोरासोरांच्या मागं बसून बाराखडीच्या निम्म्यावर पोचला होता. त्याला वर्गात सगळे सरकार म्हणायचे.

दोन गाड्या उभ्या होत्या. एक सोलापूरची, जवळजवळ रिकामी. रावजी तिकडं निघाला. गोजरबाई जागची हलली नाही. तिनं दुसरीकडं बोट केलं आणि त्याला वाचायला सांगितलं.

त्यानं डोळे बारीक केले नाहीत. बोट धरून एकेक अक्षर उचललं. गाडीत माणसं भरत होती, ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. तिनं त्याला बोर्ड पुरा करू दिला. "टें... भु... टेंभुर्णी," रावजी म्हणाला आणि चपापून तिच्याकडं बघायला लागला. "अगं, आपल्याला तर वच्छलाकडं जायाचं."

"सोलापूरची दुपारला दुसरी हाय, तवर माघारी येऊ. मी वाचून ठिवलंय," ती म्हणाली आणि गाडीत चढली.

खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर तोच होता. दोन वर्षांत पोट सुटलं होतं, पण मिशी तीच. त्यानं तिला ओळखलं. तिकिटाची पेटी वाजवत, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा बेतानं त्यानं विचारलं, "काय बाई, सोलापूर का?"

"टेंभुर्णी. दोन," गोजरबाई म्हणाली.

त्याचं हसू तिथंच अडकलं. तिकिटं फाडून देताना त्यानं जरा आदबीनं विचारलं, टेंभुर्णीला काय काम काढलं?

"काम काय न्हाय," ती म्हणाली. "तितल्या चहावाल्यानं मागं दोनदा चहाला इचारलं हुतं. त्यो प्यायचा ऱ्हायलाय. अन् गाव बघायचं ऱ्हायलंय."

गाडी हलली. रस्त्याकडंचं पहिलं झाड आलं तशी गोजरबाई खिडकीकडं सरकली आणि बघायला लागली.